मेणबत्ती ओतली, आता पेटवायची कधी? मुरवण्याचे दिवस आणि टेस्ट बर्नचा पूर्ण हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण काचेच्या जारमध्ये सुगंधी मेणबत्ती कशी ओतायची ते बघितलं. त्यानंतर सगळ्यांचा एकच प्रश्न आला, "दादा, झाली की मेणबत्ती! आता लगेच पेटवून बघू का?"

उत्तर आहे, नाही. आणि हे "नाही" नीट समजून घेतलं नाही तर पैसे जातात. एका बचत गटाच्या ताईंनी मला विचारलं होतं, "ओतून दोन दिवस झाले, पेटवली तर वासच येईना. तेल वाढवू का?" त्यांच्या हातात शंभर नगांची ऑर्डर होती. त्यांनी तेल वाढवलं असतं तर काय झालं असतं, ते आपण खाली आकड्यांत बघू. आधी मूळ गोष्ट.

मुरवणं म्हणजे काय?

कँडलच्या धंद्यात याला क्युअरिंग म्हणतात. मी आपल्या बॅचमध्ये सरळ "मुरवणं" म्हणतो. कैरीचं लोणचं घातलं त्याच दिवशी खाऊन कुणी त्याला नावं ठेवत नाही. मीठ, तेल, मसाला फोडीत उतरायला वेळ लागतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मेणबत्तीचंही साधारण तसंच आहे. वरून घट्ट दिसली म्हणजे आतून तयार झाली असं नाही.

आतमध्ये दोन गोष्टी चालू असतात.

पहिली, मेणाचे स्फटिक बसतात. तूप गरम करून ठेवलं की आधी गोठतं आणि नंतर हळूहळू रवाळ होतं, बघा. सोया वॅक्स हे सोयाबीनच्या तेलापासूनच बनतं. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलेलं असतं. त्यामुळे गोठल्यानंतरही कितीतरी दिवस त्याची आतली मांडणी बदलत राहते आणि ते थोडं थोडं कडक होत जातं.

दुसरी, सुगंधी तेल त्या मांडणीत सगळीकडे सारखं बसतं. ताज्या मेणबत्तीत वास एक तर कमी वाटतो, नाही तर कच्चा आणि उग्र येतो. काही दिवसांनी तोच वास भरल्यासारखा, गोल होतो.

इथे एक मोठा गैरसमज काढून टाका. आपल्या भागात क्युअरिंग म्हटलं की हळद आठवते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद शिजवून पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, आणि इंग्रजीत त्यालाही क्युअरिंगच म्हणतात. पण हळदीत पाणी असतं, ते काढायचं असतं. मेणबत्तीत पाणी नसतंच. ती "वाळत" नाही. म्हणून लवकर तयार व्हावी म्हणून कुणी ती उन्हात ठेवली, तर मेण मऊ पडेल, तेल वर येईल आणि मुरवणं बाजूलाच राहील.

किती दिवस? मेणाप्रमाणे बघा

दिवस मोजायचे ते ओतल्याच्या तारखेपासून. खालचे आकडे सुगंधी मेणबत्तीसाठी आहेत.

• सोया वॅक्स: कमीत कमी ७ दिवस, चांगलं म्हणजे १४ दिवस. मी १४ च धरतो.
• सोया आणि नारळ मेणाचं मिश्रण: १० ते १४ दिवस.
• पॅराफिन: ३ ते ५ दिवस.
• पॅराफिन आणि सोया मिश्रण: ५ ते ७ दिवस.
• पाम वॅक्स: साधारण ७ दिवस.
• मधमाशीचं मेण, वरून सुगंध न घातलेलं: २ ते ३ दिवस.
• जेल कँडल: १ ते २ दिवस.
• कुठलीही बिनवासाची साधी मेणबत्ती: पूर्ण थंड झाल्यावर २४ ते ४८ तास.

हे आकडे म्हणजे सुरुवात आहे. तुमच्या मेणाच्या पुरवठादाराकडून माहितीपत्रक मागून घ्या. त्यात दिवस दिलेले असतील तर आधी ते पाळा.

सोयाला जास्त आणि पॅराफिनला कमी दिवस का? पॅराफिन हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून येणारं मेण. त्याची मांडणी लवकर पक्की होते. सोया वनस्पतीच्या तेलाचं, ते सावकाश बसतं. सोया वॅक्सच्या मेणबत्त्या हा प्रकार तसा नवा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० च्या दशकात त्यावर काम केलं. आयोवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख, आणि आपला हिंगोली जिल्हा पण सोयाबीनचाच. पण शेतात सोयाबीन पिकतं म्हणून बाजारातला प्रत्येक "सोया वॅक्स"चा डबा शुद्ध सोयाचा असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी मिश्रण मिळतं. म्हणून घेतानाच विचारा, "यात पॅराफिन किती आहे?" त्या उत्तरावर तुमचे दिवस ठरतात.

कच्ची पेटवली तर नुकसान काय?

हे कळायला मेणबत्ती जळते कशी ते बघू. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनला मुलांसमोर फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. एका मेणबत्तीत तेवढं शिकण्यासारखं आहे! थोडक्यात असं: ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, पातळ मेण वातीतून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. घट्ट मेण थेट जळत नाही.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. वास ज्योतीतून येत नाही. ज्योतीभोवती जे वितळलेल्या मेणाचं तळं होतं, त्याच्या पृष्ठभागावरून वास सुटतो. तळं बरोबर तर वास बरोबर. आणि तळं किती पसरणार हे ठरतं वातीची जाडी, मेणाचा कडकपणा आणि तेलाचं प्रमाण या तिघांवर.

ताजी सोया मेणबत्ती मऊ असते. ती दुसऱ्याच दिवशी पेटवली की तळं पटकन पसरतं. तुम्ही म्हणता, "वात एकदम बरोबर!" चौदा दिवसांनी तेच मेण कडक झालेलं असतं. आता तीच वात कमी पडते, मधोमध खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहतं. गिऱ्हाईक अर्धी जळलेली मेणबत्ती घेऊन परत येतं. तुमची टेस्ट तुम्हाला खोटं बोललेली असते, कारण तुम्ही टेस्ट केली एका मेणबत्तीची आणि विकली दुसरीच.

वासाचंही तेच. आता त्या ताईंचा हिशोब करू. समजा एका जारमध्ये १५० ग्रॅम मेण आहे.

• ८ टक्के तेल म्हणजे १२ ग्रॅम.
• वास कमी वाटला म्हणून १२ टक्के केलं, म्हणजे १८ ग्रॅम.
• प्रत्येक जारला ६ ग्रॅम जास्त. शंभर जारला ६०० ग्रॅम.
• तेलाचा भाव २००० रुपये किलो धरला तर १२०० रुपये जादा गेले.

बरं, १२०० रुपये देऊन वास वाढला का? बहुतेक मेणं ६ ते १० टक्के तेल धरतात. त्याच्या वरचं तेल मेण बाहेर टाकतं, वरच्या बाजूला घामासारखे थेंब येतात. वात तेलाने तुंबते, ज्योत फडफडते, काजळी येते. म्हणजे पैसे देऊन मेणबत्ती बिघडवली. मी ताईंना एवढंच सांगितलं, "ताई, तेलाची बाटली बंद करा आणि कॅलेंडर उघडा."

आपल्या हवेत मुरवायचं कुठे?

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. बरेचसे व्हिडिओ थंड गावातले किंवा एसी खोलीतले असतात. महाराष्ट्रात मेणबत्तीचं नाव निघालं की महाबळेश्वरच्या सनराइज कँडल्सचं नाव येतंच. भावेश भाटिया हे स्वतः दृष्टिहीन उद्योजक. मुंबईला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्तीचं काम शिकले, महाबळेश्वरात हातगाडीवर विक्री सुरू केली आणि पुढे कितीतरी दृष्टिहीनांना रोजगार दिला. त्यांच्याकडून जिद्द घ्या, पण हवा घेता येत नाही! महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त.

जारमध्ये वापरायचं सोया वॅक्स साधारण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला माल दुपारी मऊ पडतो आणि रात्री पुन्हा घट्ट होतो. रोज असं झालं तर चौदा दिवस मोजूनही तो माल मुरलेला नसतो.

म्हणून:

१. साधारण २० ते २७ अंश तापमान चांगलं. एसी नसेल तर घरातली सगळ्यात थंड जागा शोधा. जिथे पाण्याचा माठ ठेवता, त्या खोलीत खाली फरशीवर. माळ्यावर नाही, खिडकीत नाही, फ्रिजमध्ये तर अजिबात नाही.

२. ओतल्यावर पहिले २४ तास जार उघडे ठेवून हळूहळू थंड होऊ द्या. दोन जारमध्ये चार बोटं अंतर ठेवा. पंख्याच्या झोतात ठेवू नका.

३. पूर्ण थंड झाल्यावर झाकण लावा. झाकण नसेल तर स्वच्छ पुठ्ठा ठेवा. धूळ बसत नाही आणि वास उडत नाही.

४. शेजारी मसाले, फिनाईल, खत किंवा उदबत्ती नको. मेण बाहेरचे वास पण धरतं.

५. उन्हाळ्यात सोयाचं मोठं काम शक्यतो टाळा. एप्रिल-मेमध्ये ऑर्डर असेलच तर ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन किंवा त्याचं मिश्रण बघा. ते उन्हाला टिकतं आणि दिवसही कमी लागतात.

थंडीत सोयावर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसते किंवा काचेपासून मेण सुटल्यासारखे डाग दिसतात. घाबरू नका, ती बुरशी नाही. स्फटिकांचा खेळ आहे तो. जळण्यात त्याने फरक पडत नाही.

टेस्ट बर्न कसा करायचा?

चौदा दिवस झाले. आता वही घ्या. वही नसेल तर टेस्ट नाही, ती नुसती दिवाबत्ती!

आधी तयारी. एकाच दिवशी, एकाच मेणाचे, एकाच तेलाचे तीन जार तीन वेगवेगळ्या जाडीच्या वातींनी ओतून ठेवा. एक वात टेस्ट करायची, नापास झाली की दुसरी ओतून पुन्हा चौदा दिवस थांबायचं, असं केलं तर सणच निघून जाईल. प्रत्येक जारच्या तळाला चिठ्ठी लावा: तारीख, मेण, तेलाचे टक्के, वातीचा नंबर.

मग असं करा:

१. वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापा. जार वजनकाट्यावर ठेवून वजन लिहा.

२. सपाट, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा. कडाप्पा किंवा स्टीलचं ताट चालतं. पंखा बंद, दार-खिडकीचा वारा नको. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, नाही तर घामाने तुम्हीच वितळाल.

३. पेटवा आणि दर तासाला लिहा: तळं किती पसरलं, किती खोल झालं, ज्योत कशी आहे, काजळी आहे का, काच किती तापली.

४. चार तासांनी विझवा. त्याहून जास्त वेळ एका दमात जाळू नका. मेण घट्ट झाल्यावर पुन्हा वजन करा. किती ग्रॅम कमी झालं, त्याला चारने भागा. तो झाला तासाचा खप.

५. जार पूर्ण गार होऊ द्या. वात पुन्हा कापा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तळाला साधारण एक सेंटिमीटर मेण राहीपर्यंत. तिथे थांबायचं. तेवढं मेण गिऱ्हाइकानेही जाळू नये, हे लेबलवर लिहायचं.

एक उदाहरण. जारमध्ये १८० ग्रॅम मेण आणि तासाला ६ ग्रॅम खप, तर साधारण ३० तास. रोज चार तास धरले तर सात-आठ दिवस लागतात. पहिल्याच दिवशी छान जळाली म्हणून टेस्ट थांबवू नका. मेण खाली गेलं की काचेत उष्णता कोंडते आणि खरी परीक्षा अर्ध्याच्या खालीच असते. जार फुटायचा तर बहुतेक तिथेच फुटतो.

पास की नापास?

• दोन ते चार तासांत तळं काचेपर्यंत पोचलं, खोली ६ ते १२ मिलिमीटर: पास.
• चार तासांनंतरही कडेला मेण शिल्लक: पहिल्या एक-दोन वेळा थोडं चालेल, पुढे पण तसंच राहिलं तर वात एक नंबर जाड घ्या.
• तासाभरातच तळं काचेला भिडलं, ज्योत उंच, काजळी: वात एक नंबर बारीक घ्या.
• वातीच्या टोकाला मोठा काळा गोळा: वात जाड आहे किंवा तेल जास्त आहे.
• वात बुडून विझते: वात बारीक आहे किंवा तेल जास्त आहे.
• काच बाहेरून ६० अंशांच्या वर: नापास, बाकी सगळं चांगलं असलं तरी. तापमापक नसेल तर साधी खूण अशी की जार हातात धरवत नसेल तर तो विकायचा नाही.

आणि वास? तो तुम्ही तपासायचा नाही. दिवसभर त्याच तेलात काम करून तुमचं नाक बसलेलं असतं. मेणबत्ती बंद खोलीत तासभर जळू द्या, तुम्ही सोबत बसा, आणि मग बाहेरून आलेल्या माणसाला आत बोलवा. कुठला वास आहे ते सांगू नका. "काही वास येतोय का? कसला? किती?" एवढंच विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. घरच्यांना विचारलं तर "छान आहे" म्हणतील, म्हणून शेजारच्या काकूंना विचारा.

सुरक्षेत सूट नाही

टेस्ट चालू असताना घर सोडून जायचं नाही. लहान मुलं, पडदे, कागदी खोकी लांब. जवळ वाळूची बादली आणि जारवर बसेल असं स्टीलचं झाकण ठेवा. मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीच टाकू नका. कढईतल्या तापलेल्या तेलासारखा भडका उडतो. झाकण ठेवा, आपोआप विझतं. आणि जार उष्णता सहन करणाऱ्या जाड काचेचेच घ्या. चहाचे पातळ ग्लास स्वस्त पडतात, पण एक ग्लास गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यात तडकला तर तुमचा धंदा तिथेच संपला. त्या माणसाच्या घराचं काय होईल, ते तर वेगळंच.

आता धंद्याचं कॅलेंडर

मुरवणं म्हणजे फक्त थांबणं नाही, त्यात भांडवल अडकतं. समजा एका जारचा खर्च ११० रुपये. शंभर जार म्हणजे ११,००० रुपये चौदा दिवस खोलीत बसून राहणार. हे पैसे उसने, व्याजाचे असतील तर ते व्याज पण किमतीत धरा. आणि ऑर्डर घेताना "आठ दिवसांत देतो" असं म्हणायचंच नाही. पंधरा दिवसांच्या आत सुगंधी सोया मिळणार नाही, हे आधीच सांगा. घाई असेल त्याला पॅराफिन किंवा बिनवासाची द्या.

आता दसरा-दिवाळीचं उलटं गणित मांडू. आपल्याकडे हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनाला पंचक्रोशीतून लोक येतात. तिथे स्टॉल लावायचा किंवा दिवाळीच्या दुकानदाराला माल द्यायचा, तर माल दसऱ्याला तयार पाहिजे.

• पहिली टेस्ट: ओतणे १ दिवस, मुरवणे १४, जाळणे ८. एकूण २३ दिवस.
• वात बदलून दुसरी टेस्ट: पुन्हा २३. झाले ४६.
• विक्रीचा माल: ओतणे २ दिवस, मुरवणे १४. एकूण ६२ दिवस.

श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत साधारण ६८ दिवस मिळतात. म्हणजे श्रावण लागला की टेस्टचे जार ओतायचे. हातात फक्त पाच-सहा दिवस शिल्लक राहतात, ते लेबल आणि खोक्यांना लागतात. गणपती झाल्यावर "चला, दिवाळीसाठी मेणबत्त्या करू" म्हणणाऱ्याला दोन टेस्ट मिळतच नाहीत. तो एक तर न तपासलेला माल विकतो, नाही तर दिवाळीनंतर विकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एकाच ओतण्यात सहा लहान जार करा. पहिला पेटवा तिसऱ्या दिवशी, दुसरा सातव्या, तिसरा दहाव्या, चौथा चौदाव्या आणि पाचवा एकविसाव्या दिवशी. सहावा तसाच ठेवा, महिन्याने बघू. प्रत्येकाची तळ्याची रुंदी, तासाचा खप आणि बाहेरच्या माणसाने सांगितलेला वास एका पानावर लिहा. तुमच्या मेणाला, तुमच्या तेलाला, तुमच्या खोलीत किती दिवस लागतात हे त्या पानावर येईल. माझ्या यादीतला आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा वेगळा निघाला, तर तुमच्या वहीवर विश्वास ठेवा. फक्त ती टेस्ट दोनदा केलेली असू द्या.

ते पान जपून ठेवा, एकविसाव्या दिवसापर्यंत. पुढच्या भागात आपण त्याच तासाच्या खपावरून मेणबत्तीची किंमत कशी काढायची आणि लेबलवर "३० तास" लिहायचं की "२५ तास", ते बघू.

तोपर्यंत ओता, तारीख लिहा, आणि थांबा!